नऊ लिटरचा कॉम्प्युटर

"किती लिटरचा आणलास?" आईने खोक्याकडे बघत विचारलं.

"नऊ."

"अरे, चार माणसांना नऊ लिटर? आपला पाचाचा कुकर चांगला चाललाय की!"

तिचं काही चुकलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या केसचं, म्हणजे त्याचे सगळे भाग मावणाऱ्या पेटीचं, माप लिटरमध्ये सांगतात, हे दोन महिन्यांपूर्वी मलाही ठाऊक नव्हतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजाराने भागायचं. माझा जुना टॉवर पंचेचाळीस लिटरचा निघाला. त्याच्या आत निम्मी हवा होती आणि डोक्यावर इस्त्रीला जायचे कपडे. छोट्यात छोट्या केसमध्ये कॉम्प्युटर जोडणाऱ्यांचा एक पंथ आहे. वीस लिटरच्या आत आलात की या पंथात प्रवेश मिळतो, दहाच्या आत आलात की मान मिळतो. मला मान हवा होता.

मग मिनी-आयटीएक्स मापाचा मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर जोडतात ती पाटी, आला. १७० मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद. हे माप व्हीआयए कंपनीने २००१ साली काढलं. आईच्या हातचा उडदाचा पापड याहून मोठा असतो. भाऊबंदकीत वाडा वाटून घ्यावा तशी आतली रचना: एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, मधे पत्र्याची भिंत आणि दोघांत बोलणं चालू राहावं म्हणून खालून वळवून घेतलेली एक चपटी राइजर केबल.

जोडणीला रविवारचा दिवस धरला होता. तो बुधवारपर्यंत पुरला. मोठ्या केसमध्ये वस्तू कुठल्याही क्रमाने बसवता येतात, इथे क्रम चुकला की सगळं बाहेर. पॉवर सप्लाय बसवल्यावर कळलं की प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पंख्याची वायर आधी लावायला हवी होती. ती लावल्यावर आठवलं की दुसरी एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची पट्टी, मदरबोर्डच्या पाठीवर बसते. चोवीस पिनांची जाडजूड केबल गरजेपेक्षा वीतभर लांब होती. ती मी प्रवासाच्या बॅगेत शेवटची चादर कोंबावी तशी गुडघा टेकवून कोंबली. झाकण लागलं. हात झटकले आणि केस उचलली, तर आत कुठेतरी एक स्क्रू खुळखुळला.

बायको म्हणाली, "राहू दे ना, एकाने काय होतंय?" ज्याला शॉर्टसर्किट म्हणजे काय हे माहीत आहे, त्याला अशा वेळी संसार कठीण जातो.

बुधवारी रात्री मशीन सुरू झालं. एप्रिल महिना, पुण्यात दिवसा बाहेर एकोणचाळीस अंश. व्हिडिओ रेंडरला, म्हणजे तुकडे जोडून पक्का करायला, लावला आणि दोन मिनिटांत प्रोसेसर पंच्याण्णव अंशांवर जाऊन बसला. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे जळत नाही, नुसता रेंगाळतो. खोक्यावर पासष्ट वॅट लिहिलेलं असलं तरी तो जोरात असताना अठ्ठ्याऐंशीपर्यंत ओढतो, हे मला नंतर समजलं. लग्नाच्या पंगतीत 'मी अर्धीच पोळी घेतो' म्हणणारे पाहुणे असतात, त्यातली ही जात.

आवाजाचं तर विचारूच नका. मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा ढकलतो, तेवढीच ढकलायला छोट्याला जीव तोडून पळावं लागतं. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "एवढ्या रात्री मिक्सर?"

दोन रात्री खपून दोष शोधला. माझा कूलर सदतीस मिलिमीटर उंच आणि केसमध्ये जागा पंचावन्नची. उरलेल्या अठरा मिलिमीटरच्या फटीत पंख्याने फेकलेली गरम हवा वळून परत पंख्यातच येत होती. बाहेरची ताजी हवा जाळीपाशी उभी, आणि हे साहेब आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा घेतायत. उपाय सोपा होता: फोमची चौकट कापून पंखा आणि जाळी यांतली फट बुजवायची, म्हणजे पंखा फक्त बाहेरची हवा ओढेल. फोम म्हणून मी बायकोची योगा मॅट कापली. जुनीच होती, असं माझं मत होतं.

नऊ अंश उतरले. त्या आनंदात बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरच्या वॅटला लगामही घातला. आणखी आठ उतरले आणि वेगात फरक जाणवेल असा पडलाच नाही. म्हणजे पूर्ण ताकदीचे पैसे मोजून आणलेल्या प्रोसेसरला मीच 'बेताने घे' म्हणत होतो.

मे महिन्यात ग्राफिक्स कार्डाने तक्रार सुरू केली. त्याच्या बाजूची जाळी काढली, समोर टेबल फॅन ठेवला. फॅनला जागा हवी म्हणून प्रिंटर खाली गेला, प्रिंटरमुळे खुर्ची सरकली. टेबलावरची जागा वाचावी म्हणून मी हा सगळा घाट घातला होता.

परवा रेंडर संपला आणि जाळी परत लावायला गेलो, तर ती जागेवर नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी गच्चीवर सापडली. आईने कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे येऊ नयेत म्हणून ताटावर माझी जाळी पालथी घातली होती, वर वरवंटा.

"किती छान आहे रे ही," आई म्हणाली, "काय मस्त हवा खेळते यातून!"