तांबीबद्दलचा मेसेज आणि फॅमिली डॉक्टरचं काम

नागपुरातल्या महिलांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्यात म्हटलेलं असतं: तांबी (कॉपर-टी, गर्भपिशवीत बसवायचं गर्भनिरोधक साधन) बसवली की गर्भपिशवी खराब होते आणि पुढे मूल होत नाही. ती पोटात वर सरकत छातीपर्यंत जाते. फॅमिली डॉक्टरने यात पडू नये, हे मोठ्या दवाखान्याचं काम. दोन मुलं झाली की नसबंदीचं ऑपरेशन करून मोकळं व्हावं. मी फॅमिली डॉक्टर आहे आणि हा मेसेज वाचून घाबरलेल्या बायका माझ्याकडे येतात, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

मूल न होण्याची भीती कुणी हवेतून आणलेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत गर्भपिशवीत बसवायचं डाल्कन शील्ड नावाचं साधन होतं. त्याचा दोरा अनेक तंतूंचा होता. त्यातून जंतू वर चढत. अनेक बायकांना गंभीर संसर्ग झाला आणि १९७४ मध्ये तिथे त्याची विक्री थांबली. आजच्या तांबीचा दोरा एकाच तंतूचा असतो. २००१ साली मेक्सिको सिटीतल्या १,८९५ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भनलिका बंद झाल्याने मूल न होण्याचा संबंध पूर्वी वापरलेल्या तांबीशी लागला नाही, तो क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूच्या जुन्या संसर्गाशी लागला. बसवल्यानंतरचे साधारण तीन आठवडे संसर्गाचा धोका थोडा वाढतो हे खरं. म्हणून आधी तपासायचं, अंगावरून दुर्गंधीचं पांढरं जात असेल तर आधी उपचार करायचे आणि मगच तांबी बसवायची. काढल्यावर पुढच्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. मूल न झालेल्या बाईलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तांबी चालते.

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचं मात्र वेगळं आहे. ते दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असेल त्या बाईला हे आधीच सांगायला हवं.

तांबी हिंडत छातीत जात नाही. बसवताना गर्भपिशवीला छिद्र पडण्याचं प्रमाण हजारात एक-दोन, आणि तेव्हा ती पोटात जाऊ शकते. खाली निसटून पडण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त असते, म्हणून पाळीनंतर दोरा बोटाने चाचपून पाहायला शिकवतात.

आता फॅमिली डॉक्टरचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त हाच खुपतो. तांबीने पहिले काही महिने पाळीला जास्त जातं. आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार) आहे, हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका आहेत. कुणाच्या घरात सिकलसेल आहे, कुणाला पाळीत आधीच खूप जातं, कुणाच्या सासूने काय सांगून ठेवलंय, हे नंदनवन, इतवारी, मानेवाड्यातल्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला ठाऊक असतं. मोठ्या दवाखान्याच्या ओपीडीत दोन मिनिटांत ते कळत नाही. बसवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असेल तर फॅमिली डॉक्टरने स्वतः बसवावी. नसेल तर हात लावू नये, पण नीट समजावून त्याच दिवशी चिठ्ठी द्यावी. एवढ्यानेही फरक पडतो. मेलबर्नमध्ये काही फॅमिली डॉक्टरांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि बसवणाऱ्या डॉक्टरकडे लवकर वेळ मिळण्याची सोय केली. चार आठवड्यांत त्यांच्या शंभरातल्या १९ बायकांनी तांबीसारखं दीर्घकाळ चालणारं गर्भनिरोधक साधन घेतलं. प्रशिक्षण न घेतलेल्या डॉक्टरांकडे हा आकडा १३ होता. वर्षाअखेर तेच आकडे ४७ आणि ३३ झाले. आपल्याकडे तर सरकारी कार्यक्रमात प्रशिक्षित परिचारिका आणि एएनएमसुद्धा (गावपातळीवरच्या आरोग्यसेविका) तांबी बसवतात. मग डॉक्टरने यात पडू नये, हे कुठून आलं?

राहिलं ऑपरेशन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. तांबी वापरणाऱ्या २.१ टक्के, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पंचविशीतल्या बाईला कायमचाच उपाय का सुचवायचा? दहा वर्षं चालणारी तांबी पहिल्या वर्षात शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना दगा देते आणि हवी तेव्हा काढता येते. ज्यांना ऑपरेशनच हवं आहे त्यांनी खुशाल करावं, पण दुसरा उपाय माहीत असताना.

नागपुरातल्या डागा, मेयो, मेडिकल या सरकारी दवाखान्यांत तांबी मोफत बसवतात. तांबीसाठी नवऱ्याची सही लागत नाही. बसवल्यावर पोटात असह्य दुखलं, थंडी-ताप आला, दोरा लागेनासा झाला किंवा पाळी चुकली, तर थांबू नका, लगेच दाखवा.