पोळी बंद करायला सांगणारा मेसेज आणि त्यातला तो ऑस्ट्रेलियन डॉक्टर

आमच्या आत्याने नातीची पोळी बंद केलीये. कारण काय, तर तो व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या डॉक्टरने म्हणे सिद्ध केलंय की ग्लुटेनने, म्हणजे गव्हातल्या प्रोटीनने, प्रत्येकाच्या आतड्याला भोकं पडतात, हल्लीचा गहू जीएम, म्हणजे जनुकं बदललेला आहे, पोळी सोडली की गॅस-अपचन सगळं गायब, आणि गहू खायचाच तर खपली खा, त्यात ग्लुटेन नसतं.

आता तो डॉक्टर कोण, तर पीटर गिब्सन, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातले पोटविकारतज्ज्ञ. २०११ मध्ये त्यांच्या टीमने आयबीएसचा, म्हणजे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याचा त्रास असलेल्या, पण सीलिॲक हा ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार नसलेल्या ३४ जणांना ब्रेड आणि मफिन खायला दिले, काहींच्यात ग्लुटेन, काहींच्यात नाही, कुणाला काय मिळालंय हे कुणालाच माहीत नाही, आणि ग्लुटेनवाल्यांना खरंच जास्त त्रास झाला. मेसेज इथे थांबतो. गिब्सन थांबले नाहीत ना पण! त्याच टीमचा २०१३ चा पेपर वाचा. ‘आम्हाला ग्लुटेन सोसत नाही’ म्हणणारे ३७ जण घेतले, आधी दोन आठवडे त्यांच्या खाण्यातून फॉडमॅप कमी केले, म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणारे, गॅस करणारे कार्ब्ज, आणि सगळ्यांचीच पोटं सुधारली. मग आळीपाळीने एकेक आठवडा रोज १६ ग्रॅम ग्लुटेन, २ ग्रॅम ग्लुटेन, किंवा शून्य, त्याजागी व्हे, म्हणजे दुधातलं प्रोटीन. तिन्ही वेळा तक्रारी जवळपास सारख्याच! ज्या आठवड्यात ग्लुटेन अजिबात नव्हतं तेव्हाही लोकांचं पोट दुखतच होतं. ग्लुटेनचाच म्हणावा असा परिणाम जेमतेम ८ टक्के लोकांत. म्हणजे ज्यांच्या नावावर पोळी बंद करताय त्यांनीच आपला आधीचा निष्कर्ष पुन्हा तपासला आणि तो टिकला नाही.

खपलीच्या मुद्द्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं, भरपूर असतं. सीलिॲक हा खरा आजार आहे, जगात साधारण शंभरातल्या एकाला असतो, ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं, आणि अशा मुलाला ‘आमची गावाकडची खपली आहे, चालते’ म्हणून लापशी भरवली तर आतडं खराब होतच राहणार. आणि आत्याच्या नातीचं वजन वाढत नाहीये, हिमोग्लोबिन कमी, म्हणून डॉक्टरांनी नेमकी सीलिॲकचीच रक्ततपासणी लिहून दिलीये, टीटीजी म्हणतात ती. ही टेस्ट शरीरात ग्लुटेनमुळे तयार झालेल्या अँटीबॉडी शोधते. काही आठवडे गहू बंद ठेवलात की त्या कमी होत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, मग पुन्हा गहू चालू करा, पुन्हा थांबा, पुन्हा सुई टोचा. तेव्हा टेस्ट होईपर्यंत त्या पोरीला पोळी द्या, तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आत्याला फोनवर हेच सांगितलं तर म्हणे ‘पण मेसेज डॉक्टरचाच आहे’.

बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. गहू सोडल्यावर काहींना खरंच हलकं वाटतं, ते काही नाटक करत नाहीत. पण गव्हात फ्रुक्टन असतं, तोही फॉडमॅपच, आणि ओस्लोमधल्या २०१८ च्या अभ्यासात अशाच ५९ जणांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टनचाच त्रास जास्त झाला. आता फ्रुक्टन अजून कशात असतं? कांद्यात आणि लसणात! पोळी सोडून ज्वारीची भाकरी, वर लसणाचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा, आणि मग ‘अजून गॅस होतोच आहे, तेलातपण ग्लुटेन असेल का’. कपाळ माझं.

भोकं वगैरे तर सोडाच, निरोगी माणसाच्या आतड्याला पोळीने भोकं पडत नाहीत. जीएम गहू भारतात लावायला परवानगीच नाही, शेतकऱ्यांना व्यापारी लागवडीसाठी ती आहे फक्त कापसाला. ज्वारी खुशाल खा, चांगलीच असते, पण गिब्सन यांच्या नावावर नको. मोनाशवाले तर त्यांचं ते लो फॉडमॅप डाएटसुद्धा काही आठवडेच करायला सांगतात, तेही आहारतज्ज्ञाला विचारून, आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा, त्यात गहूही आला.