‘२०४८’ हा नशिबाचा खेळ नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘२०४८’ या आकडे जोडण्याच्या मोबाइल-ब्राउझरवरच्या खेळाबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा खेळ म्हणजे नुसतं बोट सरकवणं, हार-जीत सगळी नशिबावर. असल्या खेळांचं व्यसन लागतं आणि मी त्याला बुद्धीचा मुलामा देतोय. त्यापेक्षा माणसानं सुडोकू सोडवावं. तुमची मुलगी तासन् तास हेच खेळत बसते, हेही तुम्ही लिहिलंय. त्यामागची काळजी मला कळते, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

आधी नशिबाचं. या खेळात चार बाय चार घरांच्या पटावर आकड्यांच्या टाइल सरकवायच्या. सारख्या दोन टाइल भिडल्या की त्यांची दुपटीची एक टाइल होते, आणि असं करत २०४८ची टाइल बनवायची. पट भरून चालच उरली नाही की डाव संपला. दर चालीनंतर पटावर एक नवी टाइल येते, दहातल्या साधारण नऊ वेळा २ आणि एकदा ४. ती कुठे पडेल हे आपल्या हातात नाही, हे मान्य. पण याचा अर्थ दर चालीला पटावरच्या बेरजेत सरासरी २.२ चीच भर पडते, म्हणजे २०४८ गाठायला नऊशेहून जास्त चाली लागतात. इतका वेळ नुसतं नशीब कुणाला तारत नाही. तिथवर पोचणारे बहुतेक जण मोठी टाइल एका कोपऱ्यात बसवतात, समजा खाली डावीकडे, आणि तिच्या शेजारी उतरती रांग लावतात: ५१२, २५६, १२८, ६४. ही रांग भरलेली असेल तोवर डावीकडे-उजवीकडे बिनधास्त सरकवा, ५१२ जागची हलत नाही. मात्र त्याच रांगेत दोन टाइल जुळत असतील तर उजवीकडे सरकवायचं नाही. जोडी एक होते, डावीकडे जागा रिकामी पडते आणि ५१२ कोपरा सोडून सरकते. त्या रिकाम्या घरात नवी २ येऊन बसली की पुढच्या कित्येक चाली फक्त निस्तरण्यात जातात. तुमची मुलगी हे सगळं दर चालीला तोलत असेल. याला मी विचार म्हणतो आणि म्हणत राहणार.

मेंदू तल्लख होतो, असा दावा मात्र माझ्या लेखात कुठेही नाही. तसल्या जाहिराती केल्याबद्दल ‘लुमॉसिटी’ या मेंदूला व्यायाम देणाऱ्या खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले होते. सुडोकू मलाही प्रिय आहे. पण तिथे सगळी माहिती पहिल्यापासून समोर असते. पुढे काय येणार हे माहीत नसताना चाल ठरवण्याची मजा निराळी.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डरची नोंद आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे सहसा वर्षभर दिसावं लागतं. आवडीनं खेळणारा प्रत्येक जण त्यात बसत नाही.

आणि सगळे खेळ एका माळेचे मणी नाहीत, हे तर मला पुन्हा ठासून सांगायचंय. ‘२०४८’ गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं मार्च २०१४ मध्ये बनवला आणि कोड सगळ्यांना खुला करून टाकला. त्याच्या मूळ वेबसाइटवर ना ‘लाइफ’ संपतात, ना रोज हजेरी लावावी लागते. ओढ लागते ती कोड्याचीच. उलट ‘कँडी क्रश’मध्ये पाच लाइफ असतात, त्या संपल्या की एक परत मिळायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. इथे कोड्यावर आणखी एक यंत्रणा चढवलेली असते, माणसाला घड्याळाच्या ठोक्याला परत खेचणारी. तिचा मला तुमच्याइतकाच राग आहे. त्या जातीच्या खेळांची मी कधी भलामण केलेली नाही.

म्हणून मुलीचा फोन काढून घेण्याआधी ती नेमकं कुठलं अ‍ॅप खेळते ते बघा. ‘२०४८’ हेच नाव ठेवून जाहिराती आणि बक्षिसं कोंबलेल्या नकला पुष्कळ आहेत. तसली असेल तर काढून टाका आणि मूळ खेळ द्या. तिथे डाव अर्ध्यात सोडला तरी त्याच ब्राउझरमध्ये पट जसाच्या तसा राहतो. तेव्हा ‘हा डाव संपला की उठते’ असं नको, वेळ ठरवून घ्या. रंगलेला डाव संपायला फार वेळ लागतो.