एकच पातेलं, पण मोठं

घरात पंधरा-वीस माणसं जेवायला असली की चार-पाच पदार्थ झालेच पाहिजेत, हा हट्ट आपण सोडायला हवा. भुकेल्या माणसाला ताटात गर्दी नको असते. गरम, चवीचं आणि दुसऱ्यांदा वाढून घेता येईल इतकं हवं असतं. म्हणून एक मोठं पातेलं, त्यात एकच भरपेट पदार्थ, सोबत भात किंवा पाव आणि बाजूला दोन-तीन न शिजवायच्या गोष्टी. एवढं पुरतं. पाच पदार्थ करणारी बाई शेवटचं माणूस उठेपर्यंत ओट्यापाशीच उभी असते, हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि मला ते आता बघवत नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे 16 जण मुक्कामाला होते. राजम्याचा दाट रस्सा आणि भात, एवढाच बेत. राजमा रात्रभर भिजवला होता. पण वेळ वाचेल म्हणून टोमॅटो पहिल्यापासूनच त्यात घातला. दोन तास उकळला तरी दाणा बोटांत दाबला की आत कचकच लागत होती. मुलं दारातून डोकावून परत जात होती. शेवटी भात आणि अंड्यांवर ती रात्र निभावली. तेव्हापासून एक नियम पक्का झाला : आंबट काहीही शेवटी. आंबटपणामुळे दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. बटाट्याचंही तसंच. आधी सगळं मऊ शिजू द्या, मग टोमॅटो, लिंबू जे काय घालायचं ते घाला.

राजम्याबद्दल आणखी एक, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळायचं. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला राजमा मऊ झाला तरी ते द्रव्य पूर्ण जाईलच असं नाही. काबुली चणे, मसूर यांच्याबाबत ही धास्ती नाही. मसूर तर भिजवायचीही गरज नाही, अर्ध्या-पाऊण तासात होते. पाहुण्यांचा फोन अचानक आला तर माझा हात मसुरीच्या डब्याकडेच जातो.

अंदाज चुकतो तो मापात. माझं माप असं : माणशी 75 ग्रॅम तांदूळ, माणशी 60 ते 70 ग्रॅम कोरडं कडधान्य. म्हणजे 16 जणांना सव्वा किलोच्या आत-बाहेर तांदूळ आणि किलोभर राजमा. शिजल्यावर तांदूळ वजनाला अडीच-तीन पट होतो, कडधान्य साधारण अडीच पट. बटाट्याचा रस्सा मुख्य असेल तर माणशी पाव किलो बटाटे धरा. पास्ता करणार असाल तर कोरडा 100 ग्रॅम पुरे.

आता, चौघांचा पदार्थ सोळांचा करताना सगळंच चौपट करायचं नाही. पाणी आधी कमी घाला, कारण मोठ्या पातेल्यात वाफ होऊन जाणारं पाणी त्या मानाने कमी असतं. तिखट-मीठ तीनपट घालून चाखा, मग वाढवा. मीठ जास्त झालं तर बटाटा टाकून ते ओढलं जात नाही. पाणी किंवा शिजलेलं धान्य वाढवणं हाच उपाय. आणि भात एकाच भांड्यात कोंबू नका, तळाला लागतो आणि वर कणी राहते. भरपूर उकळत्या पाण्यात शिजवून निथळून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ मी कांद्याला देते. किलोभर कांदा एकदम कढईत टाकला तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो, फिकट आणि गुळमट राहतो. तीन घाण्यांत परता. कडा तपकिरी होऊ लागल्या, डाव फिरवताना कढईला चिकटू लागला की चमचाभर पाणी शिंपडून तळाचं सगळं खरवडून घ्या. एका पदार्थावर सोळा जणांचं जेवण उभं करायचं तर त्याची चव इथेच तयार होते. हे काम आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं.

विविधता हवीच असेल तर ती वरून घेऊ द्या. चिरलेला कांदा, काकडी, दही, कोथिंबीर, उकडलेली अंडी, एखादं झणझणीत तेल असे वाडगे मांडून ठेवायचे. पातेल्यात तिखट बेताचंच ठेवायचं. लहान मुलं, पथ्य असलेली आजी आणि तिखटाशिवाय घास न उतरणारा काका, तिघांचं त्याच पातेल्यातून भागतं.

उरलेलं मात्र पातेल्यातच झाकून रात्रभर ओट्यावर सोडू नका. मोठं भांडं आतून तासन्‌तास कोमट राहतं आणि भातात जंतू वाढायला तेवढं पुरतं. पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. यंदा पुन्हा तेच 16 जण आले, तोच राजमा केला, टोमॅटो शेवटी घातला. साडेआठला मीही सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी उरलेला राजमा ठेचून, तव्यावर आटवून पावाला लावला, तर मुलांनी रात्रीपेक्षा तोच जास्त खाल्ला.