चिंगीला लसूण आणि तो ‘४० दिवसांत वॉल्व्ह बरा’वाला मेसेज

मावशीच्या भिशीच्या ग्रुपवरून निघालेला हा मेसेज तिसऱ्यांदा माझ्याकडे आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मेसेज असा: लहान कुत्रा खोकतो म्हणजे हृदयात ब्लॉकेज, चिकन-अंड्याची चरबी वॉल्व्हवर साचते, म्हणून चिकन बंद करा, रोज लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून मधातून द्या, जोडीला अर्जुनाच्या सालीचा काढा. डॉक्टरांची लघवीची गोळी किडनी घालवते, ती आजच बंद करा, आणि कुत्रा धडधाकट दिसत असताना हृदयाची गोळी लिहून देतात तो निव्वळ धंदा. ४० दिवसांत वॉल्व्ह पूर्ववत.

मावशीने लघवीची गोळी बंद केली. चिंगी तिची ११ वर्षांची पॉमेरेनियन, पावणेपाच किलोची. चौथ्या रात्री पावणेदोनला काकांचा फोन, ही आडवीच होत नाहीये गं, नुसती बसून आहे. जाऊन बघते तर पुढचे पाय फाकवून मान ताणून बसलेली, टेकायला गेली की दचकून उठायची. मोबाइलवर ३० सेकंद लावून छातीचं वरखाली मोजलं, २७ भरले, म्हणजे मिनिटाला ५४. फुप्फुसात पाणी झालं होतं. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवली तेव्हा वाचली.

तर आधी ती गोळी. फ्युरोसेमाइड तिचं नाव, अंगात साचलेलं जादा पाणी ती लघवीवाटे काढते. तिने किडनीवर ताण येतो हे खरं आहे, मान्य. म्हणूनच डॉक्टर मधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारं) आणि पोटॅशियम तपासायला लावतात, लागेल तेवढाच कमीत कमी डोस ठेवतात आणि पाण्याचं भांडं कायम भरलेलं ठेवा म्हणतात. पण हार्ट फेल्युअर झालेल्या कुत्र्याची ही गोळी आपल्या मनाने तोडली की किडनीचा प्रश्न येईपर्यंत कुत्रा उरतच नाही, फुप्फुसं आधी भरतात. ‘आजच बंद करा’ लिहिणाऱ्याने ती चौथी रात्र बघायला हवी होती.

लसणाचं तर मला अजून कळत नाही की हे लिहिताना हात कसा धजावला. लसूण कांद्याच्याच कुळातला, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात. एखाद्या दिवशी चुकून वरणाच्या फोडणीतली पाकळी पोटात गेली तर घाबरू नका, पण पावणेपाच किलोच्या जिवाला रोज दोन पाकळ्या, त्याही आठवडेच्या आठवडे? आणि रक्त कमी झालं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं, म्हणजे ज्याचं हृदय आधीच दमलंय त्यालाच हे द्यायचं.

ब्लॉकेज वगैरे तर मुळातच चूक. माणसासारखं नळ्यांत चरबी साचून ब्लॉकेज होणं कुत्र्यांत क्वचितच दिसतं. इथे काय होतं, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला मायट्रल वॉल्व्ह, म्हणजे झडप, वयानुसार जाड, गाठाळ होतो, त्याच्या पाकळ्या नीट मिटत नाहीत आणि दर ठोक्याला थोडं रक्त उलटं जातं. लहान जातींमध्ये हे फार, कॅव्हेलियर स्पॅनियलमध्ये तर तरुणपणीच. चिकनचा संबंध नाही. उलट या आजारात अंगावरचं मांस झडतं, त्यात प्रोटीन तोडलं की कुत्रा आणखी खंगतो. पापड-फरसाण मात्र खरंच बंद करा, मीठ असतं. खोकल्याचं म्हणाल तर तो हृदयाचा असू शकतो, पण पॉमेरेनियनमध्ये श्वासनळी ढिली पडूनही तसाच खोकला येतो, एक्स-रे आणि इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय घरी बसून सांगता येत नाही.

आता ‘धंदा’. २०१६ मध्ये एपिक नावाचा अभ्यास छापून आला. ११ देशांतली ३६० कुत्री, सगळ्यांचा वॉल्व्ह गळका, हृदय मोठं झालेलं पण वरून लक्षण एकही नाही. काहींना पिमोबेंडान, म्हणजे तीच हृदयाची गोळी दिली, काहींना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी. हार्ट फेल्युअर किंवा हृदयाने मृत्यू, या टप्प्याला निम्मी कुत्री पोचायला बिनऔषधाच्या गोळीवर ७६६ दिवस लागले, औषधावर १२२८. म्हणजे सव्वा वर्ष जास्त, बिनधापेचं. आणि मर्मर (गळक्या वॉल्व्हचा ठोक्यातला जादा आवाज) ऐकू येतोय पण हृदय अजून मोठं झालेलं नाही, अशा कुत्र्याला औषध देऊ नका, नुसतं लक्ष ठेवा, हेही डॉक्टरांचीच गाइडलाइन सांगते, मग धंदा कुठला?

अर्जुनाच्या सालीबद्दल एवढंच, झिजलेला वॉल्व्ह काढ्याने परत जुळत नाही. तो गोळीनेही जुळत नाही. ऑपरेशनने दुरुस्त करणारे जपानच्या मासामी उएचींसारखे सर्जन जगात मोजके आहेत.

घरी करण्यासारखं एकच काम आहे आणि ते फुकट आहे. कुत्रा गाढ झोपला की छाती एकदा वर-खाली झाली तो एक श्वास, असे मिनिटभर मोजायचे. ३० च्या आत ठीक. पुन्हा मोजूनही ३० च्या वरच येत असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. मावशी आता फ्रिजवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाखाली, रोज तो आकडा लिहिते. काल २२ होता.