सगळं म्हणजे नेमकं किती?

इंग्रजीत अहवाल लिहिणं एक वेळ जमतं. घाम फुटतो तो त्यासोबत धाडायच्या दोन ओळींच्या पत्राला. 'रिपोर्ट जोडला आहे' एवढंच म्हटलं तर तो रिपोर्ट कसा ओकाबोका दिसतो. त्याच्या आधी एखादं भारदस्त विशेषण हवं. यात सगळं आलंय, काही म्हणून राहिलेलं नाही, असं दारातच बजावलं की वाचणारा आत शिरून तपासत नाही, अशी माझी आपली श्रद्धा आहे. पण 'सगळं' सांगायला इंग्रजीनं इतकी विशेषणं करून ठेवली आहेत, की त्यांतलं एकही धड सगळं सांगत नाही.

कम्प्लीट घ्या. दिसायला सरळमार्गी शब्द. पण 'कम्प्लीट रिपोर्ट' म्हटलं की साहेबांच्या कपाळावर आठी उमटते : म्हणजे मागच्या खेपेचा अर्धवट होता तर! शिवाय या शब्दाला कसलाच विधिनिषेध नाही. कम्प्लीट वर्क्स म्हणजे लेखकाचं समग्र साहित्य, आणि कम्प्लीट नॉनसेन्स म्हणजे त्याच साहित्यावरचा अभिप्राय.

बरं, एकाच्या जागी दुसरं बसवावं म्हटलं तर तेही जमत नाही. चंद्र फुल असतो, ग्रहण टोटल असतं. साक्षीदार शपथ घेतो ती होल सत्याची. बंदी ब्लँकेट असते. शून्य अ‍ॅब्सोल्यूट असतं, आणि ते गाठायला उणे २७३.१५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरावं लागतं. हे वाटप केलं कोणी? कोणीच नाही, म्हणून तर तक्रार कुठे करायची तेही कळत नाही. अटर नावाच्या विशेषणानं तर वाईट संगतच धरली आहे. अपयश अटर, गोंधळ अटर, मूर्खपणा अटर. यश कधी अटर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अशा वेळी माणूस थिसॉरस उघडतो. पीटर मार्क रोजे यांनी १८५२ साली तो पहिल्यांदा छापला. अर्थाचे गट पाडायचे आणि जवळचे शब्द एकत्र मांडायचे, ही त्यांची पद्धत. कोणता कधी वापरावा, हे ते मूळ पुस्तक सांगत नाही. रोजे पेशानं डॉक्टर होते हे मला नंतर समजलं, आणि उलगडा झाला. लक्षणं सगळी लिहिली आहेत, औषध तेवढं राहिलं आहे.

थिसॉरसमधून मी आधी थरो उचलला. हा थ्रूचाच भाऊबंद, म्हणजे आरपार जाणारा. स्पेलिंगमध्ये थ्रू, थो, टफ आणि थॉट ही सगळी भावकी अंगावर येते, ते सोडा. पण थरो माणूस खोल जातो, रुंद जाईलच असं नाही. उलट एक्स्टेन्सिव्ह पुष्कळ पसरतो, पण 'सगळं आहे' अशी जबान कधी देत नाही. हा सावध माणसाचा शब्द. त्याच्या आड लपून कितीही गोष्टी गाळता येतात. मला तो मनापासून आवडतो, पण साहेबांनाही तो ओळखू येतो.

एन्टायर आणि गणितातला इंटिजर ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. मूळ अर्थ, हात न लागलेला. माझ्या अहवालांना या अर्थी एन्टायर अगदी चपखल बसतो, पण हे पत्रात लिहिणं बरं दिसत नाही.

होलिस्टिकची फॅशन आहे. यान स्मट्स या दक्षिण आफ्रिकेच्या सेनानी-राजकारण्यानं १९२६ साली ग्रीक होलोसवरून होलिझम हा शब्द घडवला. त्याचं इंग्रजी होलशी काही नातं नाही. होलमध्ये डब्ल्यू आहे पण तो ऐकू येत नाही. होलिस्टिकमध्ये तो असेल असं हमखास वाटतं, आणि नेमका तिथे नाही. एक फायदा मात्र खरा : होलिस्टिक म्हटलं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. विचारणाऱ्यालाही अर्थ माहीत असावा लागतो.

राहिला एक्झॉस्टिव्ह. उपसून उपसून तळ गाठलेला. याला मी भितो. हा शब्द लिहिला, की ज्या गृहस्थानं आजवर एकही अहवाल उघडला नाही, तोसुद्धा राहिलेली एक गोष्ट शोधायला भिंग घेऊन बसतो. ऑक्सफर्डच्या महाकोशाचंही हेच झालं. बेत ठरला १८५७ मध्ये. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला तो 'ए'पासून निघून 'अँट'पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत, आणि एकंदर चालही मुंगीचीच. १९२८ मध्ये शेवटचा भाग आला. आणि एवढ्या खटाटोपात 'बॉन्डमेड', म्हणजे दासी, हा शब्द चिठ्ठ्या हरवल्यामुळे राहूनच गेला. तो १९३३ च्या पुरवणीत घ्यावा लागला. लाखो शब्द टिपले, त्याचं कौतुक एका ओळीत उरकतं. ती दासी मात्र आजही लोकांच्या तोंडी आहे. (आत्ता माझ्याही आलीच की.)

शेवटी मी विमेवाल्यांना शरण गेलो. 'सगळं' म्हणून बसलं तर खिशातून पैसे जातात, तेव्हा या शब्दांची खरी किंमत त्यांनाच ठाऊक. ते गाडीच्या विम्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, आणि लगेच खाली बारीक टायपात यादी देतात : झीज झाली तर नाही, यंत्र आपणहून बिघडलं तर नाही, दारू पिऊन चालवली तर नाही. काय हा प्रामाणिकपणा! मीही कॉम्प्रिहेन्सिव्ह लिहिलं आणि 'या अहवालात काय नाही' असं एक परिशिष्ट जोडलं. लिहायला बसलो तर हात थांबेना. न मिळालेले आकडे, न पाहिलेल्या फायली, न विचारलेली माणसं. परिशिष्ट अहवालापेक्षा जाड झालं.

साहेबांनी अहवाल बाजूला ठेवला आणि परिशिष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "ही यादी मात्र एक्झॉस्टिव्ह आहे हो."