करवतीकाठी साडीचा स्कर्ट आणि दोन टॉप: ताईंच्या दोन स्टारला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही आमच्या दुकानाला दोन स्टार दिले आणि खाली सविस्तर लिहिलं. ते मी नीट वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: करवतीकाठी (काठावर करवतीसारखे दाते विणलेल्या) कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीचा गोल घेराचा अंब्रेला स्कर्ट सांगितला होता, हातात चुण्यांचा आला. दोन टॉपपैकी एकाचा रंग स्कर्टशी जुळत नाही, म्हणून कापड बदललं असावं. कापडात गाठी आहेत. अर्जंट मागितलं तर दिलं नाही. आणि शिलाई-अस्तराच्या पैशात ऑनलाइन दोन तयार सेट आले असते. मुलीच्या साक्षगंधासाठी (साखरपुड्यासाठी) हे कपडे होते, त्यामुळे तुमचं मन खट्टू झालं ते मला कळते. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलं, म्हणून मीही सगळ्यांसमोरच उत्तर देते.

आधी कापडाचं. बाकीचे मुद्दे आवडीनिवडीचे आहेत, पण कापड बदललं हा आरोप खेड्यातल्या शिलाईच्या दुकानाला पेलवत नाही. इथे बाया आपल्या आईची साडी, सासूचं लुगडं आमच्या हातात देऊन जातात, तेही पावती न मागता.

तुमची साडी साडेपाच मीटरची होती. त्यातले साडेतीन मीटर स्कर्टच्या घेराला लागले. उरलेल्या दोन मीटरांत, पदराच्या बाजूने, एक टॉप बसला. दुसरा टॉप त्या साडीत बसणारच नव्हता, हे मी माप घेतानाच सांगितलं होतं. मग तुम्ही स्वतः आंधळगावहून साधं कोशाचं कापड आणून दिलं. ते आणलं त्या दिवशी आपण दोन्ही कापडं दुकानाच्या दारात, उजेडात धरून पाहिली होती, कारण ट्यूबलाइटखाली कोशाचे सगळे रंग सारखेच दिसतात. नवं कापड थोडं पिवळसर होतं. तुम्ही म्हणाल्या, चालते. तुमच्या पावतीवरही 'दुसरा टॉप वेगळ्या कापडाचा' असं लिहिलेलं आहे.

हा फरक का पडतो तेही सांगते, म्हणजे हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला पुढे असा प्रश्न पडणार नाही. तुमची साडी आणि ते कापड, दोन्ही बिनरंगाचे आहेत. रंगवलेलं कापड एका घाण्याचं (एकदमच रंगवलेलं) असलं तर एकसारखं निघतं. बिनरंगाच्या कोशाचा रंग मात्र किड्याने दिलेला असतो. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात येन आणि अर्जुनाच्या झाडांवर हे किडे वाढतात. धिवर समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. मुंग्या-पाखरांपासून किडे राखायला दिवसदिवस झाडाखाली बसावं लागते. कोसे कधी पिवळे निघतात, कधी राखाडी. मग ते उकळून त्यांचं सूत काढतात. एका खेपेच्या सुताचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही, मग माग एकच असो की विणकर एकच असो.

तरीही शंका राहिली असेल तर घरीच खात्री करता येते. कपड्यांसोबत मी उरलेल्या तुकड्यांची पिशवी दिली होती. आम्ही ती प्रत्येकाला देतो, कोणी मागो न मागो. त्यात साडीचे तुकडे आहेत आणि साध्या कापडाचेही. दोन्हींतून एकेक धागा ओढून काढा आणि मोरीत उभं राहून, चिमट्यात धरून जाळून बघा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येईल आणि राख बोटाने चुरडली जाईल. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. त्यानंतर दुसऱ्या टॉपच्या बाहीचा काठ स्कर्टच्या काठाशेजारी ठेवून बघा. दाते तेच आहेत, काठाचा रंग तोच आहे, कारण ती पट्टी तुमच्याच साडीच्या वरच्या काठाची आहे. वेगळ्या कापडाचा टॉप स्कर्टसोबतचा वाटावा म्हणूनच ती लावली.

आता अंब्रेलाचं. तुम्ही मोबाइलवर दाखवलेला फोटो मला आठवते. तो स्कर्ट साध्या, बिनकाठाच्या कापडाचा होता. तुम्हाला तसाच गोल घेर हवा होता आणि खाली करवतीचा काठही अखंड दिसायला हवा होता. या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत, आणि मी हिशेब करूनच तुम्हाला तसं सांगितलं होतं.

मुलीची कंबर 30 इंच, स्कर्टची उंची 38. पूर्ण अंब्रेला कापायचा तर कंबरेचं वर्तुळ पावणेपाच इंच त्रिज्येचं येते आणि बाहेरचं जवळजवळ 43 इंचांचं. खालचा घेर होतो 270 इंच, म्हणजे पावणेसात मीटरच्या वर. साडीचा एका बाजूचा काठ साडेपाच मीटर, तेव्हा जोड तर द्यावाच लागला असता. त्यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. तुमचा काठ चार इंच रुंद आणि सरळ विणलेला. गोलाईवर तो लावला की खालच्या कडेला 270 इंच लागतात आणि चार इंच वर तोच घेर 245 भरतो. मधले 25 इंच जिरवायचे कुठे? एक तर काठाला जागोजागी चिमटे घ्यायचे, नाही तर काठ कापून पाचरी काढायच्या. दोन्हींत करवतीचे दाते मोडतात.

आणि हे दाते छापलेले नाहीत, ताई. ही साडी विणताना विणकर तीन धोटे (आडवा धागा नेणारी शटल) चालवतो, दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचं सूत आणि अंगाचं सूत जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवत जावं लागते, तेव्हा ती करवत उमटते. करवतीकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते या विणीमुळेच. त्या जागी कात्री चालवायला माझा हात धजत नाही, आणि गिऱ्हाईक आग्रह करत असलं तरी मी चालवत नाही. त्यात काठ मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेल्या) सुताचा आणि अंग कोशाचं. हे दोन धागे पाण्याला आणि इस्त्रीला सारखे वागत नाहीत. गोलाईत ओढून बसवलेला काठ पहिल्याच धुण्यानंतर आकसून वळला असता.

अंब्रेलात आणखी एक गोष्ट होते. गोल कापला की घेराचा बराचसा भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा, येतो. सैल विणीचा कोसा उरेब कापला की आपल्याच वजनाने खाली ओघळतो, आणि एका बाजूने स्कर्ट लांब दिसायला लागतो. म्हणून मी साडीचा पन्हा (कापडाची रुंदी) उभा धरला. पन्हा 45 इंच, त्यामुळे 38 ची उंची आरामात निघाली. खालचा काठ जसा मागावरून उतरला तसाच स्कर्टची खालची कड झाला. तिथे दुमड नाही, तुरपाई नाही, एकही टाका नाही. वरचा काठ दात्यांच्या बाजूने इंचभर कोसा ठेवून काढला आणि दोन्ही टॉपच्या बाह्यांना आणि घेराला लावला.

चुण्यांमुळे मुलगी जाड दिसते असं तुम्ही लिहिलं. साडेतीन मीटर कापड 30 इंचांत बसवायचं म्हणजे कंबरेवर फुगणारच, ही भीती मलाही होती. म्हणून नुसत्या नाडीच्या चुण्या न घालता चपट्या पाडल्या आणि कंबरेपासून पाच इंच खालपर्यंत दाबून शिवल्या. पोटावर कापड सपाट राहते, घेर त्याच्या खाली सुटतो. साक्षगंधाचे जे फोटो तुम्ही इथे टाकले आहेत, त्यांतला मुलगी उभी असलेला फोटो बघा. काठाची ओळ पायांभोवती सलग फिरलेली दिसते. मला तो फोटो फार आवडला.

गाठींबद्दल: कोशाचं सूत एका जाडीचं नसते. मांडीवर वळलेलं असो की रीलिंग यंत्रावर काढलेलं, कुठे बारीक, कुठे जाड असं येते, आणि जाड जागा विणीत गाठीसारखी दिसते. ती नखाने ओढू नका, कापू तर मुळीच नका. धागा तुटला की तिथे भोक पडते.

शिलाईच्या पैशांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हाच प्रश्न आम्हाला दर सीझनला येतो. सैल विणीच्या कोशाची शिलाई ताणाखाली सरकते. अंगाला घट्ट टॉप बिनअस्तराचा शिवला तर बगलेत आणि पाठीवर धागे बाजूला होऊन शिलाईजवळ जाळी पडते, शिलाई शाबूत असली तरीही. म्हणून दोन्ही टॉपना मलमलचं अस्तर घातलं आणि ताण त्या अस्तरावर घेतला. ते अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं, नाही तर धुतल्यावर अस्तर आटते आणि वरचा कोसा फुगून राहतो. कडा फार सुटतात, त्यामुळे नुसत्या ओव्हरलॉकवर न भागवता प्रत्येक कडेला उरेब पट्टी लावली. बगलेत इंचभर मार्जिन आहे. सुई 11 नंबरची वापरली, आणि आधी सगळं कच्च्या टाक्यांनी जोडून मुलीच्या अंगावर घालून पाहिलं, कारण कोशावरची शिलाई उसवली की सुईच्या खुणा मागे राहतात. अस्तराचा दर मी आधी सांगितला होता आणि पावतीवर तो वेगळा लिहिला आहे. ऑनलाइनच्या तयार सेटशी याची तुलना करायची तर आधी त्या सेटचाही धागा जाळून पाहावा, एवढंच म्हणते.

तारखेचं म्हणाल, तर पावतीवर जो दिवस होता त्याच दिवशी कपडे दिले. दिवाळीनंतर धानाची कापणी आणि गावोगावच्या मंडई (जत्रा) एकत्र येतात. माझ्यासोबत शिवणाऱ्या बाया तेव्हा सकाळी शेतात असतात. त्या दिवसांत कोशाचं काम मी अर्जंट घेत नाही, कोणाचंच नाही.

मला तुमचे स्टार बदलून नको आहेत. कापड बदलल्याची ओळ मात्र तुकडे तपासून झाल्यावर काढावी, अशी विनंती आहे. मुलीला चुण्यांचा घेर जड वाटत असेल तर स्कर्ट घेऊन या. मागच्या बाजूने अर्धा मीटर घेर कमी करता येतो, त्याचे पैसे घेणार नाही. आणि गोल अंब्रेला हवाच असेल तर 45 पन्ह्याचं साधं, बिनकाठाचं कोशाचं कापड पाच मीटर आणा. दोन अर्धगोल कापून जोडू, बेल्ट लावून दोन दिवस टांगून ठेवू, ओघळायचं ते ओघळलं की मगच खालची कड सारखी करू. त्यासाठी साडेचार मीटर पुरते असं दुकानदार सांगेल. ते ऐकू नका, बेल्टला कापड उरत नाही. सोमवार सोडून रोज सकाळी दहानंतर आम्ही दुकानात असतो. येताना मुलीला सोबत आणा, माप नव्याने घ्यावं लागेल.